चादरी मोजायचं काम सोडू नका

मनीषनगरच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्या, नाही छापत. पत्र चांगलं चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगते. ताई शाळेत मराठी शिकवायच्या, मागच्या वर्षी रिटायर झाल्या. मोठ्या हॉस्पिटलात ज्यांच्या लेकरांची कॅन्सरसारख्या आजारावर ट्रीटमेंट चालू आहे असे बाहेरगावचे आईवडील जिथे फुकट राहतात अशा एका निवासात त्या आठवड्यातून तीनचार दिवस जायच्या. त्या लिहितात, "मुलांना शिकवीन, गोष्टी सांगीन म्हणून गेले आणि मॅनेजरनी मला चादरी मोजायला आणि किराण्याची यादी करायला बसवलं. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या एका बाईचे हाल बघवेनात म्हणून तिला गुपचूप पाच हजार दिले, चार दिवसांत सगळ्या घराला कळलं, दोघी येऊन मागून गेल्या, तिसरीनं बोलणंच टाकलं, मॅनेजर मला सगळ्यांसमोर बोलले. एका आईला मी काळजीनं रोज विचारायचे की आज रक्तातल्या पेशींचा काउंट किती आला, तर ती म्हणाली, मॅडम, रोज रोज नका ना विचारू. आणि मग कोपऱ्यातल्या खोलीतली ती मुलगी गेली. दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत नवीन कुटुंब होतं. तेव्हापासून पंधरा दिवस मी फिरकले नाही. मिस्टर म्हणतात जिवाला कशाला घोर लावून घेतेस, सोडून दे. सोडू का?"

ताई, नका सोडू. पण तीनचार दिवस जायचं बंद करा, एकच वार ठरवा, त्या वारी काहीही झालं तरी जा, आणि गेल्यावर चादरीच मोजा. रागावू नका बाप्पा, सांगते का ते.

तुमच्या पत्रात चादरींबद्दल जे लिहिलंय त्यात थोडा अपमान वाटल्याचं दिसतं, तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हे काय काम, असं. पण केमो घेतलेल्या पोराचं काय होतं ते एकदा नीट समजून घ्या. केमोनं कॅन्सरच्या पेशी मरतात तशा पांढऱ्या पेशीही खाली येतात, काही दिवस तर अगदी तळाला जातात, आणि त्या दिवसांत तुमच्या-माझ्या घरात जो सर्दी-खोकला आपण आलं घालून चहा पिऊन काढतो तोच त्या पोराला आयसीयूत नेऊ शकतो. कॅन्सर आटोक्यात येत असताना इन्फेक्शननं लेकरू दगावलं हे कोणत्याही कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरनं पाहिलेलं असतं. म्हणून त्या घरात प्रत्येक खोलीच्या चादरी वेगळ्या ठेवतात, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं खोलीचा नंबर शिवलेला असतो बघा, धोब्याकडून गठ्ठा आला की तो नंबर लावून घ्यायचा, खोळ वेगळी, चादर वेगळी, ओलसर वाटली तर परत उन्हात टाकायची. आता त्यातल्या दोन कमी आल्या आणि कोणी मोजल्याच नाहीत तर रात्री काय होतं, पोरानं उलटी केली, बदलायला चादर नाही, आई शेजारच्या खोलीतून मागून आणते, आणि त्या शेजारच्या खोलीतल्या पोराला कालपासून जुलाब आहेत. झालं. हे मॅनेजर तुम्हाला समजावून सांगत बसले नसतील कारण त्यांना वेळ नसतो, पण त्यांनी तुम्हाला विश्वासाचं काम दिलंय. गोष्टी सांगायला कोणीही येतं हो, दर रविवारी कोणी ना कोणी येतंच.

कुलरचंही तेच. नागपूरचा मे तुम्हाला मी सांगायला नको, पारा ४५ च्या वर गेला की कुलरशिवाय दुपार निघत नाही, आणि कुलरच्या टाकीत आठ दिवस पाणी तसंच राहिलं की डेंग्यूच्या डासाची सोय झाली, तो साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आपल्याला डेंग्यू झाला की प्लेटलेट उतरतात म्हणून आपण घाबरतो, या पोरांच्या तर आधीच उतरलेल्या असतात. दर आठवड्याला टाकी रिकामी करून, घासून, वाळवून परत भरायची एवढंच काम असतं पण ते कोणाच्याच लक्षात राहत नाही, व्हॉलंटियरांच्या तर नाहीच.

तुमच्या त्या निवासात सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराची पोरंही असतील, आपल्या विदर्भात, त्यातही गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया पट्ट्यात हा आजार बराच आहे. त्यांचं गणित अजून वेगळं. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, ताप आला की त्यांची हाडं दुखायला लागतात, आणि ते दुखणं असं असतं की मोठा माणूस लोळेल. म्हणून डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा जास्तीचं ब्लँकेट आणि आंघोळीला गरम पाणी, आणि उन्हाळ्यात हाताशी भरलेली बाटली, हे त्यांच्यासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. आणि एक गोष्ट या निमित्तानं, कोणाच्या पोरीला सिकलसेल आहे हे बाहेर कुठे बोलू नका, अगदी सहज सुद्धा नको, पुढे तिच्या लग्नाच्या वेळी ते गावभर होतं आणि आईबाप त्याच भीतीनं तपासणी टाळतात.

आता पाच हजारांचं. तुमचा हेतू चांगला होता हे मला वेगळं सांगायला नको, पण मॅनेजर बोलले ते बरोबर बोलले. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, तेवढं त्यांना सांगा खुशाल. असं बघा, त्या घरात एक किचन आहे, प्रत्येकीला एक गॅस, एक ओटा, एक डबा ठेवायला कप्पा. संध्याकाळी सगळ्या तिथे उभ्या असतात. कोणाच्या पोराचा काउंट वाढला, कोणाचा नवरा आला नाही, कोणाकडे आज नुसती चटणी-भाकर आहे, हे सगळ्यांना सगळं माहीत असतं. तिथे गुपचूप असं काही नसतंच. एकीच्या हातात पाच हजार आले की बाकीच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, मॅडमला माझं लेकरू दिसत नाही का. आणि जिनं घेतले तिचंही अवघड होतं, आता तिला तुमच्याशी हसून बोलावंच लागतं, तुम्ही फोटो काढा म्हटलं तर काढावा लागतो. जिनं बोलणं टाकलं ना, मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही.

मग पैसे द्यायचेच नाहीत का? द्या, भरपूर द्या, पण संस्थेत द्या, पावती घ्या, आणि कशासाठी ते लिहून द्या. आणि कशासाठी लागतात ते आधी समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. लोकांना वाटतं ट्रीटमेंटचा खर्च. तो बऱ्यापैकी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत निघतो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे रेशन कार्ड, आधार घेऊन जायचं. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडून आलेल्यांना ही योजना नाही, ती महाराष्ट्रातल्या लोकांसाठी आहे, त्यांचं आयुष्मान कार्ड बघायचं, ते दुसऱ्या राज्यातही चालतं. पण जे कोणत्याच योजनेत बसत नाही ते म्हणजे जगणं. ऑटोचं भाडं. बाहेरून करून आणायला सांगितलेली एखादी टेस्ट. गावी आजीकडे ठेवलेल्या दुसऱ्या लेकराची फी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बुडालेली मजुरी. एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला विचारा त्याच्या हातात रोख पैसा कधी येतो, मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे मध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. आणि नेमका तोच मे महिना तो इथे नागपुरात ओपीडीच्या लाइनीत उभा असतो. त्याचं अख्ख्या वर्षाचं मीठ-मिरची-कपडे तेंदूपत्त्याच्या त्या दोन आठवड्यांत असतात हो.

यासाठी संस्थेत एक प्रवासाचा फंड आणि एक किराण्याचा फंड असला की भांडणं होत नाहीत कारण नियम सगळ्यांना सारखा. शिवाय काही गोष्टींना पैसे लागतच नाहीत, नुसता माहितीचा माणूस लागतो. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला येण्याजाण्यासाठी रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत, त्याचा छापील फॉर्म असतो, डॉक्टरची सही-शिक्का लागतो. गोंदिया, बालाघाट, राजनांदगावकडची कितीतरी माणसं हे माहीत नसल्यामुळे पूर्ण तिकीट काढून येतात नाहीतर जनरलच्या डब्यात पोराला मांडीवर घेऊन, गर्दीत, काउंट कमी असताना. तुम्ही शिक्षिका आहात, फॉर्म भरणं तुमच्या हाताखालचं काम. हे कराल तर पाच हजारांपेक्षा जास्त वाचतील, आणि कोणाचं बोलणंही बंद होणार नाही.

बरं, "रोज रोज नका विचारू" म्हणाली ती आई. तुम्हाला ते लागलंय हे कळतं. पण तिच्या जागी उभं राहून बघा, सकाळी राउंडला डॉक्टर तेच बोलतात, मग सिस्टर, मग गावाहून दिराचा फोन, मग सासूचा, मग किचनमध्ये शेजारीण, आणि पाच वाजता तुम्ही. काउंट वाढला असेल तर ती आपणहून सांगेल, चेहऱ्यावरच दिसतं. कमी झाला असेल तर तिला तो आकडा परत तोंडानं उच्चारायचा नसतो. तिच्याशी तुम्ही भाजीबद्दल बोला. खरंच सांगते, आज काय टाकलंय, वांगी कुठून आणली, चांगली दिसतात, कॉटन मार्केटात काय भाव आहे. तिला त्या दहा मिनिटांत कोणाची तरी आई सोडून अजून काहीतरी असू द्या.

आणि काय बोलायचं नाही ते तर पक्कं करून टाका. "सगळं ठीक होईल" नको, तुम्हाला माहीत नाही आणि तिलाही माहीत आहे की तुम्हाला माहीत नाही. "देव परीक्षा घेतो" नको. "आमच्या ओळखीत एकाला असंच झालं होतं" याची गोष्ट तर बिलकुल नको, शेवट चांगला असला तरी नको. पपईच्या पानाचा रस, गोमूत्र, अमक्या बाबाची पुडी, तमक्या वैद्याची मुळी, यातलं काहीही सुचवू नका आणि दुसरं कोणी सुचवत असेल तर मॅनेजरच्या कानावर घाला. केमोबरोबर असलं काही पोटात गेलं तर लिव्हरवर काय होईल कोण सांगणार, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक केमो सोडून त्याच्या मागे जातात.

हे सोडून जाण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या चादरींचा त्याच्याशीच संबंध आहे. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर म्हणजे तो ब्लड कॅन्सर, डॉक्टर ज्याला ए-एल-एल म्हणतात तो. तो बरा होतो, नीट पूर्ण ट्रीटमेंट घेतली तर बहुतेक मुलं बरी होऊ शकतात. पण ती ट्रीटमेंट दोन-अडीच, कधी तीन वर्षं चालते. पहिला साधारण महिना फार जोराचा, आणि तो झाला की बऱ्याच पोरांच्या रक्तात रोग दिसेनासा होतो. पोरगं खायला लागतं, धावायला लागतं. आता बाप म्हणतो बरं झालं की, चला घरी, रोवणी आली. राहायला जागा नसेल, मेडिकल कॉलेजच्या आवारात झाडाखाली नाहीतर वॉर्डाबाहेरच्या पायरीवर चादर टाकून महिना काढला असेल तर तो काहून थांबेल सांगा. तो जातो, पुढची तारीख चुकते, मग फोन लागत नाही. आणि सहा महिन्यांनी रोग परत येतो तेव्हा आधीपेक्षा कितीतरी अवघड होऊन येतो. राहायला धड खोली, रांधायला गॅस, पोराला स्वच्छ गादी मिळाली की माणूस टिकतो. म्हणजे तुमचं ते घर ट्रीटमेंटचाच भाग आहे, डॉक्टरांना विचारा, तेही हेच म्हणतील.

जगभर हे लोकांच्या लक्षात आलंय, अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९७४ मध्ये असं पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं, मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड नावाच्या संस्थेचं असंच काम आहे. पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा, त्यांनी पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत जेजे हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठीही बांधली, आणि त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे पेशंट राहतात. बाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तन. आमच्याकडच्या व्हॉलंटियरांना नुसतं कीर्तन करायचं असतं, ही माझी जुनी तक्रार आहे, तुम्हाला उद्देशून नाही.

शिकवायचं म्हणता तर ते पण होईल. पण वर्ग भरवायचा हट्ट सोडा. हाताला सलाईनची सुई टोचलेली असते, मुठीत पेन्सिल धरवत नाही, वीस मिनिटांत पोरगं दमतं, आणि स्टेरॉइड चालू असेल तर त्याचा मूड त्याच्या हातात नसतो. हे स्टेरॉइडचं जरा समजून घ्या नाहीतर तुम्ही त्याला लाडावलेला समजाल. मी असा एक पोट्टा पाहिलाय, सातेक वर्षांचा, चेहरा गोल सुजलेला, रात्री अकरा वाजता वरण-भात पाहिजे म्हणून नुसता आकांत, आणि नऊ वाजता पोटभर जेवलेला. आई रडकुंडीला, किचनला तर दहा वाजता कुलूप. तिथले चौकीदार काका उठले, कुलूप काढलं, म्हणाले, टाका तांदूळ, मी बसतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत पोट्टा ओट्याला टेकून उभा, ताट घेऊन. त्यानंतर तिथे नियमच झाला की स्टेरॉइडच्या आठवड्यात एक शेगडी रात्रभर वापरायला मोकळी राहील. असा नियम तुमच्याकडे आहे का विचारा, नसेल तर करून घ्या.

शिकवायला खरी भूक असते ती सोबत आलेल्या भावाबहिणीला. आजारी पोराकडे सगळ्यांचं लक्ष, आणि ही आठ वर्षांची बहीण, शाळा सुटलेली, दिवसभर जिन्यात बसलेली. तिला तुम्ही घ्या. आणि शुद्ध मराठीत बोलून घाबरवू नका हो तिला, तिच्या घरी गोंडी असेल, छत्तीसगढी असेल, नाहीतर आपली झाडीपट्टीची बोली असेल, तिला 'मॅडम' म्हटलं की शाळेतली छडीच आठवते. गोंड कुटुंब असेल तर आल्यावर 'जय सेवा' म्हणा, मग बघा कशी आई उठून बसते.

आणखी काही बारीकसारीक, भराभर सांगते. घरी नातवंडं आहेत का? त्यांच्यापैकी कोणाला कांजिण्या निघाल्या किंवा गोवर आला तर त्या आठवड्यात निवासाची पायरीसुद्धा चढायची नाही, आणि आधीच जाऊन आला असाल तर मॅनेजरला ताबडतोब फोन, लपवायचं नाही, कारण कांजिण्या या पोरांना जीवघेण्या ठरू शकतात आणि वेळेत कळलं तर डॉक्टर काहीतरी करू शकतात. स्वतःला सर्दी असेल तरी घरी बसा. फ्लूची लस घेऊन टाका. बाहेरून तर्री-पोहा, समोसे, कापलेली फळं नेऊ नका, प्रेमानं सुद्धा नको. केमोच्या पोराला १००.४ च्या वर ताप दिसला तर रात्रीचे दोन असोत नाहीतर तीन, 'सकाळी बघू' म्हणायचं नाही, क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. म्हणून थर्मामीटर प्रत्येक खोलीत एक हवाच. तुम्हाला दान करायला काहीतरी सुचवा म्हणत असाल तर हेच घ्या, थर्मामीटर.

फोटोंचं पण बोलायलाच हवं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, किती छान होतं बघा, लाकडी नंदी आणा, रंग द्या, पोरं गॅलरीतून मिरवतील, चार-चार रुपये बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, द्या सगळ्यांना सारखा. पण नंदीबरोबर केस गेलेल्या पोराचा फोटो तुमच्या स्टेटसला नको. बड्डेला केक घेऊन येणारे दाते असतात ना, पोरांना लाइनीत उभं करून टाळ्या वाजवायला लावतात, चार्‍ही बाजूंनी मोबाइल, मला तर ते बघवतच नाही. आईनं हो म्हटलं तरी काढू नका, तुमच्या निवासात राहून ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाही.

राहिलं ते कोपऱ्यातल्या खोलीचं. पत्रात तुम्ही त्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात आणि मला वाटतं पत्र त्या दोन ओळींसाठीच आहे.

दुसऱ्या दिवशी नवीन कुटुंब आलं याचा तुम्हाला धक्का बसला, किती कोरडी माणसं आहेत असं वाटलं असेल. पण ती खोली रिकामी ठेवली असती तर ते नवीन कुटुंब त्या रात्री हॉस्पिटलच्या पायरीवर झोपलं असतं. वेटिंग असतं हो तिथे. आणि मॅनेजरनी त्या दिवशी काय काय केलं असेल ते तुम्ही पाहिलं नाही कारण तुम्ही नव्हता. १०८ ची गाडी पेशंटसाठी असते, मृतदेह न्यायला नाही, मग शववाहिका ठरवायची, गडचिरोलीच्या पुढे जायचं म्हटलं की प्रायव्हेटवाला जो भाव सांगतो तो ऐकून बाप तिथेच खाली बसतो. खोलीतलं सामान बांधायचं, तिची बाटली, तिची टोपी, कंपास, औषधं वेगळी काढायची. गावी कोणाला तरी फोन करून सांगायचं की पोहोचेपर्यंत आईला सांभाळा. आणि त्याच वेळी बाकीच्या सगळ्या खोल्यांमध्ये आया आपापल्या पोराला जवळ घेऊन बसलेल्या, कोणी किचनमध्ये येत नाही, कोणी बोलत नाही, एखादी तर म्हणते आम्ही पण जातो घरी, नको ती केमो.

त्या दिवशी व्हॉलंटियर लागतो. रडायला नको, रडणारे पुष्कळ असतात. डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या, पण हातानं कणिक मळा. संध्याकाळी सगळ्यांचा स्वयंपाक वेळेवर व्हायला पाहिजे, पोरांनी जेवायला पाहिजे, उद्या ज्याची केमोची तारीख आहे तो सकाळी आठला निघायला पाहिजे. पुढे त्या आईचा तुम्हाला फोन आला तर उचला, ती बोलेल तेवढं ऐका, नाव घेऊन बोला त्या मुलीचं, टाळू नका. पण आपणहून गावी जाऊन उभं राहू नका.

आणि हे जे पंधरा दिवस तुम्ही न सांगता गेला नाहीत, तेवढं मात्र मी तुमच्याकडून मान्य करणार नाही. सुट्टी घ्या, महिनाभर घ्या, पण सांगून घ्या. तुम्ही ज्या पोरीला जिन्यात बसून पाढे शिकवत असाल तिच्या घरातली माणसं आधीच एकेक करून गायब होतात, बाप मजुरीला, काका येऊन परत, ती विचारत असेल मॅडम कुठं गेल्या. मॅनेजरला आजच फोन करा, बुधवार म्हणा नाहीतर गुरुवार, वार तुमचा तुम्ही ठरवा, दोन ते पाच, चादरी आणि फॉर्म, वेळ उरला तर जिन्यातली शाळा. आणि घरी आल्यावर ज्यांच्याशी बोलता येईल असं एक माणूस ठेवा, तिथल्याच एखाद्या जुन्या व्हॉलंटियर बाईशी जमवा, मिस्टरांजवळ सगळं ओतू नका, ते घाबरून परत सोड म्हणतील.

मिस्टरांचं काय करायचं ते पण सांगते. त्यांना काळजी वाटते कारण त्यांना तिथलं फक्त तुमचं रडणं दिसतं. त्यांना घेऊन जा एकदा. पोरांपाशी नको, बापांपाशी. ते बाप दिवसभर गेटपाशी उभे असतात, काही काम नाही, हात रिकामे, त्यातला कोणी गवंडी असतो, कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी वायरिंग जाणतो, त्यांना सोबत घेऊन नळ, पंखे, बल्ब बघायला लावा, त्यांनाही बरं वाटतं. शिवाय प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी डोनर शोधत फिरावं लागतं, तर तुमच्या मुलांच्या ऑफिसातल्या, कॉलनीतल्या तरुण पोरांची ब्लड ग्रुपसहित यादी तुमच्या मिस्टरांनी करून मॅनेजरला द्यावी, फोन लागतो का ते महिन्यातून एकदा तपासावं. आणि होळीच्या आत कुलर माळ्यावरून उतरवायचे असतात, पंप चालतात का बघायचं, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, टाकीला गंज असेल तर रंग मारायचा. ताट्यांची मापं मात्र आधी घ्यायला सांगा त्यांना, दरवर्षी कोणीतरी अंदाजानं आणतं आणि मग एप्रिलभर फटीतून गरम हवा येत राहते.